बेंबी सरकली नव्हती

नागपूरच्या इतवारीतल्या भांडे बाजारात एका गल्लीच्या तोंडाशी माझं टेबल आहे. त्याला दुकान म्हणण्याइतकं ते मोठं नाही. एक मशीन, एक स्टूल आणि वर एक पंखा. स्टीलचा डबा आणा, पितळेची घागर आणा, मी त्यावर नाव टाकून देतो. लग्नसराईत 'सप्रेम भेट' लिहून लिहून बोटं आखडतात. सव्वीस वर्षं हेच करतोय. माझं नाव देवीदास, वय पन्नाशीच्या आसपास, आणि मला बारा वर्षांपासून एचआयव्ही आहे.

हे शेवटचं वाक्य लिहायला मला दोन कप चहा लागला.

कसं झालं, कुठून आलं, ते मी इथे सांगणार नाही. लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो, म्हणून मुद्दामच सांगणार नाही. टायफॉइड झालेल्या माणसाला कोणी विचारत नाही, की बाबा रे, कुठल्या ठेल्यावर पाणीपुरी खाल्लीस. माझ्या बायकोला, कुंदाला, पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे. तिची दर वर्षी तपासणी होते, तिला काही नाही. आम्हाला मूलबाळ नाही. गोष्ट आम्हा दोघांत आणि गोळ्या देणाऱ्या सेंटरमध्ये राहिली. रोज रात्री नऊ वाजता एक गोळी घ्यायची, की मी दुसऱ्या दिवशी मशीनवर हजर. पहिल्या अकरा वर्षांत मी सर्दीपलीकडे आजारी पडलो नाही.

गेल्या वर्षी मात्र लपवालपवीपायी मरता मरता वाचलो. माझ्यासारखं कोणी गोळ्यांची बाटली घेऊन जागा शोधत फिरत असेल, त्याच्यासाठी हे लिहितोय.

ताईचे नवे डोळे

सुमनताई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. ताईनं मला वाढवलं, आणि तिचं लग्न झालं तेव्हा मलाही सोबत सासरी घेऊन गेली. नरखेड तालुक्यातलं ते गाव, तिथली संत्र्याची बाग, विहिरीवरची मोटर, हेच माझं लहानपण. नागपूरला मी पुढे कामासाठी आलो. भावजी वारले, त्यालाही बरीच वर्षं झाली. तिचा मुलगा आणि सून आता बाग पाहतात.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ताई आमच्याकडे दोन महिन्यांसाठी म्हणून आली. आधी एक डोळा झाला, मग दुसरा. तेवढ्यात कुंदा जिन्यावरून पडली, तिचा हात मोडला आणि ताईनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. दोनाचे सात महिने झाले. मला आनंदच होता. अडचण एवढीच, की डोळे नवे झाले आणि ताईला सगळं दिसायला लागलं. फळीवरची धूळ दिसली, पंख्यावरची जळमटं दिसली, आणि एके दिवशी माझी बाटलीही दिसली.

"हे कायच्या गोया हाये गा, देवा?"

बाटलीवरचं लेबल मी नेहमी खरवडून काढतो. "कॅल्शियमच्या," मी म्हणालो.

"मंग एक मलेही दे. माये गुडघे लय दुखते."

 डॉक्टरांनी फक्त मलाच सांगितलंय, असं काहीतरी पुटपुटलो आणि दुसऱ्या दिवशी बाटली टेबलाच्या खणात नेऊन ठेवली. रात्री नऊची गोळी आता सकाळी टेबल उघडल्यावर घ्यायची ठरली. समोर गिऱ्हाईक उभं असलं की ती राहायची. बाजार बंद असला की राहायची. मग बाटली संपली. नवी आणायला सेंटरमध्ये जायचं, तर त्या सकाळी ताई नवीन लुगडं नेसून दारात तयार. "मीही येते संगं, घरात बसून बसून कंटाया आला." मी जाणं पुढे ढकललं. सेंटरच्या मॅडमचा फोन आला तेव्हा म्हणालो, गावाला आहे. असं तीनदा गावाला गेलो. चौथ्या वेळी फोन उचललाच नाही.

कुंदा विचारायची, "घेतली का?" मी म्हणायचो, "दुकानात घेतली."

शेवटचे चार महिने मी एकही गोळी घेतली नाही आणि मला काहीही झालं नाही. यात फसायला होतं. काही होत नाही, म्हणून माणूस आणखी एक दिवस जाऊ देतो.

लोटा

मे महिन्यात ताप आला. गल्लीतले डॉक्टर म्हणाले टायफॉइड, सलाइन लावली, ताप उतरला. आठ दिवसांनी पुन्हा चढला. मग कंबर धरली. दिवसभर स्टुलावर वाकून बसणाऱ्याची कंबर दुखणार नाही तर काय होणार, असं सगळेच म्हणाले आणि मीही म्हणालो. पण हळूहळू बेंबीच्या मागे, खोल आत, एक कळ बसली ती हलेना. जेवण जाईना. पॅन्ट ढिली झाली.

"बेंबी सरकली तुयी," ताई म्हणाली.

आमच्याकडे पोटाच्या निम्म्या दुखण्यांचं कारण हेच. जड उचललं, पाय घसरला, की बेंबी सरकते, आणि ती जागेवर बसवायला हात लागतो. ताईचा हात पंचक्रोशीत नावाजलेला आहे. बाया लेकरांना घेऊन दोन-दोन गावं ओलांडून तिच्याकडे येतात. शहरातल्या वाचकांना हसू येईल, पण मी तिच्या हाताखालीच लहानाचा मोठा झालो. माझा तिच्या अंगठ्यावर जेवढा विश्वास होता, तेवढा कुठल्या मशीनवर नव्हता.

सकाळी अनशापोटी ती मला जमिनीवर उताणं झोपवायची. अंगठा बेंबीत टेकवून ठोका पाहायची. ठोका मधोमध लागला तर ठीक, बाजूला लागला तर तेल लावून चारी बाजूंनी दाबत मध्ये आणायचा. शेवटी पोटावर कणकेचा पेटता दिवा ठेवून वर तांब्याचा लोटा पालथा घालायचा. दिवा विझतो आणि लोटा कातडीला घट्ट धरून बसतो.

तीन सकाळी तिनं हे केलं. तिसऱ्या दिवशी दाबताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण मी ओरडलो नाही. ताईपुढे ओरडायची मला सवय नाही.

चौथ्या सकाळी तिनं अंगठा टेकवला आणि लगेच उचलला. पुन्हा टेकवला. या वेळी पूर्ण तळवा ठेवला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"हे माया हातचं नाही, देवा. बेंबीचा ठोका असा हात उचलून धरत नाही. आजच्या आज पोटाचा फोटो काढ."

"चप्पलही नाही"

सोनोग्राफीला आम्ही तिघं ऑटोनं गेलो. जिना मी स्वतःच्या पायांनी चढलो. मुतखडा निघेल असं मनात धरून होतो, कारण गल्लीत दर तिसऱ्या घरात मुतखडा आहे. डॉक्टर बाई तरुण होत्या. पोटावर गार जेली लावून त्या मशीन फिरवत होत्या आणि मागे उभ्या असलेल्या मुलीशी डब्यातल्या भाजीबद्दल बोलत होत्या. बोलता बोलता थांबल्या. भाजी अर्धवटच राहिली.

"तुमच्यासोबत कोण आहे?"

"बायको आहे, बहीण आहे."

"त्यांना आत बोलवते. काका, तुम्ही उठू नका."

"बरं. चप्पल घालतो."

"चप्पलही नाही. काही नाही. हलूच नका."

जो जिना मी चढलो होतो, तो मला स्ट्रेचरवर उतरवला. चपला तिथेच राहिल्या, त्या आणायला पुढेही कोणी गेलं नाही. डॉक्टर बाई सोबत खालपर्यंत आल्या, आणि अँब्युलन्सचं दार लागेपर्यंत त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. हृदयातून निघून पोटात उतरणारी सगळ्यांत मोठी रक्ताची नळी असते. सायकलच्या ट्यूबला एके ठिकाणी फुगा येतो ना, तसा माझ्या त्या नळीला आला होता.

"फुटला तर?" कुंदानं विचारलं.

"फुटायच्या आत पोहोचायचं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं, मरण समोर आलं की माणसाला देव आठवतो, आईबाप आठवतात. मला आठवलं की एका लग्नाचे एक्कावन्न डबे टेबलाखाली पडलेत आणि त्यांच्यावर अजून नाव टाकायचं आहे. गिऱ्हाईक ओरडेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. धक्का बसतो म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. अंगाला काही लागत नाही. डोकं भलतीकडेच जाऊन उभं राहतं.

तीन वेळा नाही

मोठ्या हॉस्पिटलात आणखी एक मोठा फोटो काढला. सर्जन आले, केस पिकलेले, बोलणं कमी. कुंदा उशाशी, ताई पायाशी.

"हा साधा फुगा दिसत नाही. नळीच्या भिंतीत इन्फेक्शन आहे. शुगर आहे?"

"नाही."

"दुसरा काही जुना आजार?"

माझी नजर ताईवर गेली. "नाही."

"कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"नाही."

तिसऱ्या नाहीला कुंदानं माझा दंड असा दाबला की दोन दिवस वळ राहिला. पण सर्जन पुढच्या प्रश्नावर गेले होते. "पोट कोणी चोळलं, दाबलं वगैरे आहे का?"

 मग पायाकडून आवाज आला.

"म्या दाबलं, साहेब. तीन दिवस."

"नशीब समजा, बाई. आणखी जोरात दाबलं असतं तर तिथंच फुटलं असतं."

ते रागावले नव्हते, तेवढं म्हणून शेजारच्या तरुण डॉक्टरला सूचना द्यायला वळले. ताई दोन पावलं मागे सरकली, पाठ भिंतीला टेकली, आणि तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

सर्जन गेले, तो डॉक्टर कागद भरायला थांबला, तेव्हा कुंदा वाकून कानाशी म्हणाली, "तुमी सांगता का मी सांगू?"

मी ताईला म्हणालो, "ताई, जरा चहा आणते का?"

"तुले तं पाणीबी द्याचं नाही म्हणते."

"मले पाहिजे, ताई," कुंदा म्हणाली.

ताई गेली. तेवढ्या वेळात मी तरुण डॉक्टरला सगळं सांगितलं. तो मान खाली घालून लिहीत होता. एचआयव्ही म्हटल्यावर त्याचं पेन थांबलंही नाही. अकरा वर्षं मी ज्या शब्दाला घाबरलो, तो त्यानं शुगरसारखा लिहून टाकला.

"गोळ्या?"

"बंद आहेत."

आता त्यानं मान वर केली. "कधीपासून?"

"चार महिने. त्याआधीही कधी घ्यायचो, कधी नाही."

हे कुंदालाही नवीन होतं. तिनं माझ्या दंडावरचा हात काढून घेतला आणि खिडकीकडे तोंड केलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरनं समजावलं ते असं. गोळ्या सुटल्या, तशी अंगातली राखण गेली. टायफॉइडच्या जातीचे जंतू रक्तात होते, ते जाऊन नळीच्या भिंतीत बसले आणि भिंत आतून कुजायला लागली. मी विचारलं, दाबल्यामुळे झालं का? तो म्हणाला, "नाही, हे आधीपासून होतं. दाबणं धोक्याचंच होतं, पण त्यांनी हात लावून ओळखलं आणि पाठवलं, म्हणून तुम्ही आज इथं आहात."

एवढ्यात ताई चहा घेऊन आली. हे वाक्य मी तिला सांगायला हवं होतं. तेव्हाच, चहा गरम असतानाच. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग कशानं झालं? टायफॉइडनं म्हटलं असतं, तर म्हणाली असती, टायफॉइड तर आख्ख्या गल्लीले होते, मंग तुलेच असं काहून? ताई एका उत्तरावर थांबणारी बाई नाही.

वॉर्ड

ऑपरेशन किती तास चाललं ते कुंदाला विचारा, मी तर झोपलेला होतो. कुजका भाग कापला आणि तिथे कृत्रिम नळी बसवली. शुद्धीवर आलो तेव्हा तोंडात नळी, नाकात नळी, आणि एवढी तहान की समोरच्या भिंतीवरचा ओलाव्याचा डाग चाटावासा वाटला. सिस्टर कापूस ओला करून ओठांवर फिरवायच्या. तसं पाणी मी आयुष्यात प्यायलेलो नाही.

त्यानंतर सहा आठवडे शिरेतून औषध. सकाळचं इंजेक्शन, दुपारचं इंजेक्शन, संध्याकाळचं इंजेक्शन. सगळ्यांत वाईट भीती ऑपरेशनआधी नव्हती, ती नंतर होती. उताणा पडलो की पोटातला ठोका कानापर्यंत ऐकू यायचा आणि प्रत्येक ठोक्याला वाटायचं, आता टाके सुटणार. शिंक आली तरी मी दोन्ही हातांनी पोट धरायचो.

माणसं सगळ्या तऱ्हेची भेटली. एक मावशी माझा ट्रे पलंगाच्या टोकाला ठेवून झटकन मागे व्हायची. एक सिस्टर मात्र रोज म्हणायची, "अंकल, आज दाढी करून टाकू. घरी जाताना नवरदेव दिसले पाहिजेत." आणि खरंच करायची, गालाला गाल लागेल इतक्या जवळ वाकून. ताई नसताना सेंटरच्या मॅडम नवी बाटली घेऊन वॉर्डात आल्या तेव्हा मी चादर नाकापर्यंत ओढली. त्या स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "तीनदा गावाला गेला होतात ना? फारच आवडलेलं दिसतं गाव." एवढंच बोलल्या, आणि मी इतका हसलो की टाके दुखले.

ताई मात्र हसणं विसरली होती. ती रोज यायची आणि बाकावर बसून राहायची. मला हात लावायची नाही. पाण्याचा ग्लाससुद्धा भरून कुंदाकडे द्यायची. गावचे महादेवभाऊ भेटायला आले तर त्यांच्यासमोर बोलून गेली, "भाऊ, माया हातानं फुटत होतं याचं पोट." महादेवभाऊ हे ऐकून गावी गेले. गावी गेलेली गोष्ट कुठे कुठे जाते, ते काय सांगायला हवं?

कुंदा रोज म्हणायची, "तिले सांगा." मी रोज म्हणायचो, उद्या.

कॅल्शियम

पाचव्या आठवड्यात एका दुपारी कुंदा घरी गेली होती. ताई बाकावरूनच म्हणाली, "सुनेले कळवलं म्या. आता कोणी बाई लेकरू घेऊन आली त वापस पाठव म्हणून. आता मी कोणाच्या पोटाले हात लावणार नाही."

आता 'उद्या' म्हणायची सोय उरली नव्हती. 

"ताई, तुया हातानं काही नाही झालं."

"डॉक्टरनं सांगतलं, म्या ऐकलं."

"अर्धं ऐकलं तू. मले एचआयव्ही हाये. अकरा वर्षं झाले."

तिला शब्द लागायला वेळ लागला. "थे एड्सवालं?"

"हो."

"कुंदाले?"

"नाही. तिले काही नाही."

ती माझ्या सलाइनच्या बाटलीकडे पाहत राहिली. त्या नव्या डोळ्यांनी ती काय काय जुळवत होती, ते मला दिसत होतं.

"थे कॅल्शियम?"

"थेच."

"मी आली म्हणून तू बंद केल्या गोया?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तीन नाही मी आधीच वापरून बसलो होतो. "मीच बंद केल्या," म्हणालो. "लाजेपायी."

ताई उठून उभी राहिली. आवाज चढला नाही तिचा. "पाच हप्ते मी सोताले खुनी समजून राहिली, देवा. अन् तू पलंगावर पडून पाहून राहिला."

"हो," मी म्हणालो. 

दुसऱ्या सकाळी तिनं पिशवी भरली. कुंदानं तिला एसटी स्टँडवर सोडलं. मला भेटायला ती वर आली नाही.

काय करायचं राहिलं

घरी आलो. वजन उचलायचं नाही, खोकताना उशी पोटाशी धरायची, जंतू परत उठू नयेत म्हणून वेगळ्या गोळ्या खूप दिवस घ्यायच्या, आणि नऊची गोळी नऊलाच. आमची बाटली आता स्वयंपाकघरातल्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी असते, लेबलासकट. माझ्यासारखं दुखणं असलेल्यांना सांगणं एवढंच, की ताप वरचेवर येत असेल आणि पाठीत-पोटात कळ बसली असेल, तर कमरेवर ढकलू नका. आणि डॉक्टरनं विचारलं की पहिल्याच वेळी खरं सांगा. नातेवाईक समोर असतील तर त्यांना चहाला पाठवा.

ताईचा फोन कुंदाला यायचा, मला नाही. मी म्हणायचो, रागावलीय, निवळेल. पुढे एके दिवशी तिच्या सुनेचा फोन आला. सुनेला काहीच माहीत नव्हतं. ती रडकुंडीला येऊन कुंदाला सांगत होती, "मामी, आत्याबाईले लोक काहीबाही बोलून राहिले. नळावर बाया तोंडावर म्हणतात, हिनं सख्ख्या भावाचं पोट फोडलं. अन् आत्याबाई एक शब्द बोलत नाही. खाली मान घालून घागर भरते अन् येते. तुम्हीच विचारा न, काहून गप्प राहते ते."

कुंदानं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

स्ट्रेचरवर बसला नव्हता असा धक्का मला तेव्हा बसला. ताईला तर आता सगळं ठाऊक होतं. एका वाक्यात ती सगळ्या गावाचं तोंड बंद करू शकली असती. पण ते वाक्य माझं होतं, म्हणून तिनं ते उच्चारलं नाही. माझ्याशी बोलणं टाकलं होतं, आणि माझंच झाकत होती.

मी ताईला फोन लावला. तिनं उचलला.

"लोकाईले सांगून टाक, ताई. काय झालं थे पुरं सांग."

"मी नाही सांगत. तुयं हाये, तूच सांग," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याच रविवारी आम्ही एसटीनं गावाला गेलो. पिशवी कुंदानं धरली. वाटेत तिनं दोनदा विचारलं, नक्की ना? मी नक्की म्हणालो आणि हातांना सुटलेला घाम पॅन्टला पुसला.

ताईच्या ओट्यावर चार-पाच बाया बसलेल्या. त्यांत कौसल्याकाकू होत्या, ज्यांच्या बोरी मी लहानपणी झोडपल्या. मला पाहून काकू म्हणाल्या, "आला का गा देवा? शिवलं का पोट चांगलं? तुया बहिणीनं त पार फाडलं होतं म्हणते."

ताई दारात उभी होती.  सुनेनं मान खाली घातली.

मी बसलोसुद्धा नाही. बसलो असतो तर मग चहा आला असता, मग संत्र्याचा भाव निघाला असता, आणि मी तसाच परत गेलो असतो.

"काकू, ताईनं काही नाही केलं. मले एचआयव्ही हाये. अकरा वर्षं झाले. गोया म्या लपवल्या, मंग बंद केल्या, म्हणून रक्ताची नळी सडली. डॉक्टरले कळाच्या आधी ताईच्या हाताले कळलं. तिनं पाठवलं म्हणून मी वाचलो."

माझा आवाज मलाच परका वाटला.  मग कडेची एक बाई पदर सावरून उठली आणि निघून गेली. दुसरी उठायला लागली आणि पुन्हा बसली. काकू माझ्याकडे एकटक पाहत होत्या.

"मंग आता घेतो का गोया?"

"घेतो. रोज."

"घे बावा."

तेवढ्यात दारातून आवाज आला. ताई उंबऱ्यावर बसली होती आणि रडत होती, सगळ्यांदेखत, तोंड न झाकता. आई गेली तेव्हा ती मला कडेवर घेऊन उभी होती, भावजी गेले तेव्हा मी तिच्या शेजारी होतो. असं रडताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

 "काहून रडतं वं सुमन?" काकू म्हणाल्या. "जित्ता त हाये न तो."

"म्हणूनच त," ताई म्हणाली.